माशांची वाढ आणि आयजीएफ-बंधक प्रथिने: रक्त काढण्यापासून निष्कर्षापर्यंत या चुका टाळा

रोहू असो, तिलापिया असो की सॅमन, खाद्यचाचणीच्या अहवालात हल्ली एक वाक्य ठरलेले असते: ‘आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखा वाढ-घटक) वाढले, म्हणून वाढ सुधारली.’ हे वाक्य बहुतेक वेळा अर्धेच असते. यकृतातून रक्तात उतरलेले आयजीएफ-१ मोकळे असे फारसे फिरत नाही. जवळजवळ सगळे बंधक प्रथिनांनी, म्हणजे आयजीएफबीपींनी, धरून ठेवलेले असते, आणि ही पकड पेशीवरच्या रिसेप्टरच्या पकडीइतकी, कधी त्याहूनही घट्ट असते. म्हणून आयजीएफ किती आहे याच्याइतकेच ते कोणाच्या हातात आहे हेही पाहावे लागते. एक प्रथिन त्याला रक्तात टिकवून ठेवते, दुसरे त्याला रिसेप्टरपर्यंत पोचू देत नाही. दोघांची बेरीज करून ‘बंधक प्रथिने वाढली’ असे लिहिले, की त्या ओळीला काही अर्थ उरत नाही.

मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर किंवा पीएचडीचे काम करणाऱ्यांच्या हातून वारंवार होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय इथे दिले आहेत. दाखले बहुतेक सॅमन कुळातले आणि झेब्राफिशचे आहेत, कारण या विषयातले भक्कम काम तिथेच झाले आहे.

माणसाचा नकाशा माशावर अंथरणे

माणसाच्या रक्तात आयजीएफचा मोठा हिस्सा सुमारे १५० किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचे एकक) तिहेरी जोडणीत असतो: आयजीएफ, आयजीएफबीपी-३ आणि एएलएस नावाचे तिसरे प्रथिन. पाठ्यपुस्तकातले हे चित्र डोक्यात ठेवून माशाचा प्लाझ्मा पाहिला, की पहिली चूक तिथेच होते. माशांत ही मोठी जोडणी ठळकपणे दिसत नाही. आयजीएफ मुख्यतः लहान, दुहेरी जोडणीत सापडते.

या चुकीचा सर्वात बोलका दाखला सॅमनमधला आहे. सॅमनच्या प्लाझ्मातली प्रथिने जेलवर वजनानुसार वेगळी केली, की बंधक प्रथिनांचे तीन ठळक बँड, म्हणजे पट्टे, दिसतात: साधारण २२, २८ आणि ४१ किलोडाल्टन. खाणे मिळाले की ४१चा बँड गडद होतो, उपाशी ठेवले की फिका पडतो, आणि वाढ-संप्रेरक दिल्यावर पुन्हा चढतो. आकार आणि वागणूक दोन्ही माणसाच्या आयजीएफबीपी-३ सारखे, म्हणून बरीच वर्षे त्याला तेच समजले जात होते. २०११ मध्ये त्याचा अमिनो आम्लक्रम हाती आला आणि ते आयजीएफबीपी-२ चे एक रूप, २बी, निघाले. २८चा बँड आयजीएफबीपी-१ए आणि २२चा १बी ठरला.

यातून नियम एवढाच, की बँडच्या वजनावरून त्याचे नाव ठेवू नये. तिलापियाच्या प्लाझ्मात वेगळ्याच वजनांचे बँड येतात, रोहूत आणखी वेगळे येऊ शकतात. क्रम वाचलेला नसेल किंवा त्याच जातीच्या पुनर्संयोजित प्रथिनाशी ताडून पाहिलेले नसेल, तर ‘३० किलोडाल्टनचा बँड’ असेच लिहावे. ‘आयजीएफबीपी-१’ लिहिण्याचा मोह आवरावा.

जनुकाच्या जोड्या न मोजता प्रायमर काढणे

पूर्ण जीनोम दुप्पट होण्याची घटना अस्थिमत्स्यांच्या पूर्वजात एकदा घडली, सॅमन कुळात त्यानंतर पुन्हा एकदा घडली. सस्तन प्राण्यांत सहा बंधक प्रथिने असतात, झेब्राफिशमध्ये जनुके नऊ आहेत (१ए, १बी, २ए, २बी, ३, ५ए, ५बी, ६ए, ६बी), तर अटलांटिक सॅमनमध्ये वीसच्या आसपास. झेब्राफिशमध्ये आयजीएफबीपी-४ नाही, सॅमनमध्ये आहे. म्हणजे ‘माशांत ४ नसते’ असे सरसकट लिहिले तर तेही चूकच.

आपल्याकडच्या कामासाठी यातला कळीचा मुद्दा वेगळाच आहे. रोहू, कटला, मृगळ यांची गुणसूत्रे ५०, झेब्राफिशचीही ५०. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, मात्र सुमारे १०० गुणसूत्रांचा आहे. झेब्राफिशच्या क्रमावरून काढलेले प्रायमर (पीसीआरने जनुक मोजताना त्याचा तुकडा वाढवायला लागणारे डीएनएचे छोटे धागे) रोहूत नीट चालले म्हणून कॉमन कार्पमध्येही तसेच चालतील असे धरले, की दोन जवळच्या प्रती एकाच नळीत वाढतात. वितळ-आलेखात एकच शिखर आले म्हणजे प्रत एकच, असेही नाही. दोन प्रतींचे तुकडे सारख्याच तापमानाला वितळू शकतात.

उपाय: आपल्या जातीच्या जीनोममध्ये त्या जनुकाच्या किती प्रती आहेत हे आधी शोधा. सगळ्या प्रती एकाखाली एक मांडून फरक कुठे आहे ते पाहा आणि प्रायमरचे ३′ टोक त्या फरकावर आणा. हा फरक बहुधा प्रथिनाच्या मधल्या भागात किंवा ३′ बाजूच्या अनुवाद न होणाऱ्या भागात सापडतो, कारण दोन्ही टोकांचे भाग या कुटुंबात फार सारखे असतात. वाढवलेला तुकडा एकदा तरी सिक्वेन्सिंगला पाठवा. प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत हवी. संदर्भ जनुक, म्हणजे ज्याच्याशी ताडून बाकीची मोजायची ते, म्हणून एकटे बीटा-अ‍ॅक्टिन घेऊ नका. उपासात यकृत आकसते आणि अ‍ॅक्टिनही हलते. निदान दोन-तीन संदर्भ जनुके घेऊन त्यांची स्थिरता याच प्रयोगाच्या नमुन्यांवर तपासा.

रक्त काढतानाच प्रयोग बिघडवणे

सर्वात जास्त नुकसान इथे होते, आणि ते नंतर कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही.

आयजीएफबीपी-१ ची रूपे ताण, उपास आणि ऑक्सिजनची कमतरता यांना चटकन प्रतिसाद देतात. तिलापियाला कॉर्टिसोलचे इंजेक्शन दिल्यावर रक्तातली कमी वजनाची बंधक प्रथिने दोनेक तासांतच वर गेलेली दिसली. आयजीएफ-१ ची घसरण मात्र पुढे दिवसभरात दिसली. आता एका टाकीतून तीस मासे काढायला दीड-दोन तास लागत असतील, आणि तेवढा वेळ हातजाळे पुन्हा पुन्हा फिरत असेल, तर पहिल्या आणि तिसाव्या माशाचे १बी सारखे येण्याची अपेक्षा धरू नये. शिवाय नियंत्रण टाक्या सकाळी आणि प्रयोगाच्या टाक्या जेवणानंतर उरकल्या, तर ‘खाद्याचा परिणाम’ म्हणून जे छापले जाईल तो निव्वळ घड्याळाचा परिणाम असू शकतो.

असे करा. एका वेळी जितक्यांचे रक्त पाच मिनिटांत निघेल तितकेच, म्हणजे पाच-सहा मासे, एकाच फेरीत उचला आणि थेट भुलीच्या पाण्यात टाका. टाक्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. एमएस-२२२ हे भुलीचे औषध वापरत असाल तर ते आम्लधर्मी असते हे विसरू नका. मऊ पाण्यात सामू एकदम घसरतो आणि भूल चढण्याआधीच मासा तडफडतो. त्याच्या वजनाइतका ते दुप्पट खाण्याचा सोडा त्यात मिसळून सामू मोजून घ्या. प्रत्येक नळीवर माशाचा क्रमांक, टाकी आणि वेळ लिहा. मोजमाप झाल्यावर पहिली तपासणी ही करा: १बीची पातळी रक्त काढण्याच्या क्रमापुढे मांडा. ठिपके चढत गेलेले दिसले तर तो ताण आहे. मग एक तर क्रम सहचल म्हणून विश्लेषणात घ्या, नाही तर उशिराचे मासे वगळा आणि तसे स्पष्ट लिहा.

तलावातल्या किंवा शेततळ्यातल्या माशांबाबत आणखी एक अडचण आहे. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सर्वात कमी असतो, आणि मासे पकडण्याची वेळ नेमकी तीच असते. ऑक्सिजन घटला की आयजीएफबीपी-१ चे जनुक चालू होते. झेब्राफिशच्या भ्रूणांवर २००५ मध्ये हे नेमके दाखवले गेले: कमी ऑक्सिजनमध्ये आयजीएफबीपी-१ वाढते, वाढ मंदावते, आणि आयजीएफबीपी-१ दाबून टाकले तर ती मंदी बरीच ओसरते. म्हणून तळ्यातून नमुने घेताना त्या क्षणाचा ऑक्सिजन मोजून लिहिला नसेल, तर दोन तळ्यांच्या १बीची तुलना करू नये.

शेवटच्या खाण्यापासूनचे तासही सगळ्यांना सारखे हवेत. चाचणीच्या शेवटी २४ तास उपाशी ठेवण्याची पद्धत आहे, ती चालते. पण एका गटाला २४ आणि दुसऱ्याला ४० तास असे झाले तर १बी तेवढ्यावरच बोलू लागते.

रक्त कशात घ्यायचे, हाही प्रश्न पुढच्या चाचणीवरून सोडवा. युरोपियम धातूचे लेबल वापरणारी, वेळ-विलंबित प्रकाशमापनाची चाचणी करायची असेल तर रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नको. ते युरोपियमच पकडून ठेवते. हेपॅरिन काही बंधक प्रथिनांना स्वतःच चिकटते. दोन्हींत दोष आहेत, तेव्हा एक निवडा आणि पूर्ण अभ्यासभर बदलू नका. प्लाझ्मा आणि सीरम एकाच तक्त्यात तर कधीच मिसळू नका; रक्त गोठताना प्रथिने तोडणारी विकरे जागी होतात. नळ्या बर्फात, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज, नंतर ५०–१०० मायक्रोलिटरचे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर. लालसर झालेला प्लाझ्मा बाजूला काढा.

आयजीएफ मोजताना बंधक प्रथिने मागे राहणे

आयजीएफ-१ मोजायचे तर आधी त्याला सोडवावे लागते. यासाठी आम्ल-इथेनॉलची जुनी पद्धत आजही चालते: ८७.५ टक्के इथेनॉल आणि १२.५ टक्के २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण, एक भाग प्लाझ्माला चार भाग. खोलीच्या तापमानाला ३० मिनिटे, मग ४ अंशांवर १०,००० जीला १० मिनिटे. वरच्या द्रवाच्या ५ भागांना ०.८५५ मोलर ट्रिस बेसचे २ भाग घालून सामू परत आणायचा. इथपर्यंत नमुना सात पट पातळ झालेला असतो. पुष्कळ जण पहिल्या टप्प्याचे पाच पट धरतात, ट्रिसचे विसरतात, आणि सगळे आकडे सुमारे ३० टक्क्यांनी कमी छापले जातात. गटांमधला फरक तसाच राहतो म्हणून हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा घोटाळा जास्त गंभीर आहे. आम्ल-इथेनॉलने मोठी बंधक प्रथिने साक्यात बसतात, लहान वजनाची मात्र काही प्रमाणात वरच्या द्रवात राहून जातात. सामू परत आला की ती पुन्हा आयजीएफला धरतात. रेडिओइम्युनोअ‍ॅसेमध्ये (प्रतिद्रव्यासाठी नमुन्यातले आयजीएफ आणि किरणोत्सारी लेबल लावलेले आयजीएफ यांची स्पर्धा लावणारी चाचणी) ती लेबल लावलेले आयजीएफही पकडतात. आता दुसऱ्या प्रतिद्रव्याने साका पाडत असाल तर हे लेबल साक्यात येत नाही आणि आयजीएफ खोटेच जास्त दिसते. कोळशाने मोकळे लेबल शोषून घेत असाल तर उलट, पकडलेले लेबल ‘बांधलेले’ म्हणून मोजले जाते आणि आयजीएफ कमी दिसते. उपाशी माशांत लहान बंधक प्रथिने जास्त असतात, म्हणजे ही चूक सगळ्या गटांत सारखी नसते. उपासाचा परिणाम फुगतो किंवा पुसला जातो, आणि ते केवळ आपण साका कसा पाडला यावर ठरते.

उपाय तीन. ट्रिस घातल्यावर नळ्या तासभर उणे २० अंशांवर ठेवून थंडच पुन्हा फिरवा. आणखी साका बसतो. तुमचे प्रतिद्रव्य आयजीएफ-२ ला ओळखत नसेल तर चाचणीत भरपूर आयजीएफ-२ घाला, म्हणजे उरलेली बंधक प्रथिने त्याच्यातच गुंतून राहतात. आणि काढलेला अर्क एकदा लिगँड ब्लॉटवर (त्याची माहिती पुढच्याच भागात) चालवून पाहा. त्यात बँड दिसला, तर अर्क साफ नाही. ही तपासणी एका दिवसाची आहे, तरी फारसे कोणी करत नाही.

लिगँड ब्लॉट कोरा येणे किंवा काळा येणे

या ब्लॉटमध्ये जेलवर वेगळी केलेली प्रथिने पडद्यावर उतरवतात आणि प्रतिद्रव्याऐवजी लेबल लावलेले आयजीएफच त्यावर सोडतात. जे प्रथिन त्याला धरेल ते दिसते. मानवी आयजीएफ-१ इथे चालते, कारण ७० अमिनो आम्लांच्या या साखळीतल्या सुमारे चार-पंचमांश जागा सॅमनमध्ये आणि माणसात सारख्या आहेत.

ब्लॉट पूर्ण कोरा आला तर पहिला संशय नमुन्याच्या बफरवर घ्या. सवयीने त्यात डीटीटी किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल पडले असेल, तर प्रथिनाचे डायसल्फाइड बंध तुटतात आणि आयजीएफ धरण्याची जागाच मोडते. बफर अपचयन न करणारेच हवे. शेजारच्या खाचेत डीटीटी घातलेला मार्कर असेल तर मध्ये एक खाच रिकामी सोडा, नाही तर कडेचा बँड गायब होतो. दुसरा संशय एसडीएस न धुतल्याचा: हस्तांतरणानंतर पडदा ३ टक्के नोनिडेट पी-४० मध्ये अर्धा तास हलवा, मग १ टक्का अल्ब्युमिनमध्ये.

सगळा पडदा काळवंडला तर प्लाझ्मा जास्त भरला आहे. १२.५ टक्के जेलवर १ ते २ मायक्रोलिटर पुरे. डिजॉक्सिजेनिनचे लेबल लावलेले आयजीएफ १० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरतात. वरच्या टोकापासून सुरुवात करण्याची गरज नसते. पार्श्वभूमी फिकट करायला दुधाची पावडर वापरू नका. गाईच्या दुधात स्वतःचे आयजीएफ आणि बंधक प्रथिनेही असतात.

दिसणारा बँड खरा आहे का, हे पाहायला पडद्याची एक पट्टी शंभर पट साध्या आयजीएफसोबत ठेवा. खरा बँड नाहीसा होतो. तेवढ्याच इन्सुलिनसोबत ठेवलेल्या पट्टीवर तो टिकायला हवा. प्रत्येक जेलवर एकाच साठ्यातला मिश्र प्लाझ्मा भरा आणि बँडची घनता त्याच्या पटीत सांगा. हे आकडे सापेक्ष आहेत. त्यांच्यापुढे नॅनोग्रॅम लिहिता येत नाही. ‘आयजीएफ भागिले बँडची घनता’ असे गुणोत्तर काढून त्याला ‘मोकळे आयजीएफ’ म्हणणे तर साफ चुकीचे. गुणोत्तरच हवे असेल तर दोन्ही मोलरमध्ये आणा: ७.५ किलोडाल्टनचे आयजीएफ-१ जर ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर ते सुमारे ६.७ नॅनोमोलर होते, आणि २२ किलोडाल्टनचे १बी २२ नॅनोग्रॅम असेल तर १ नॅनोमोलर. तरीही आयजीएफ-२ त्याच जागांसाठी भांडत असते, हे हिशेबाबाहेर राहते.

तयार किटवर विसंबणे

आयजीएफ सारखे असते म्हणून बंधक प्रथिनेही सारखी असतील असे नाही. जातीजातींत ती बरीच बदलतात. ‘फिश आयजीएफबीपी-१’ असे छापलेल्या किटमध्ये कोणत्या माशाचे, कोणत्या रूपाविरुद्धचे प्रतिद्रव्य आहे हे पत्रकात सहसा नसते. विक्रेत्याला विचारा. उत्तर नाही आले तर किट घेऊ नका. घेतलेच असेल तर प्लाझ्मा १:२, १:४, १:८, १:१६ असा पातळ करून रेषा प्रमाण-वक्राला समांतर जाते का ते बघा. समांतर नसेल तर किट दुसरेच काहीतरी मोजत आहे.

१बी, २बी आणि वाढीचा चुकीचा कालखंड

सॅमन कुळात ढोबळमानाने असे दिसते: २बी हे आयजीएफ-१ सोबत वाढीच्या बाजूने चढते-उतरते, १बी वाढ थांबल्याची खूण देते. २बी वाहून नेते याचा थेट पुरावा रेनबो ट्राउटमध्ये २०१८ साली मिळाला. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने २बीच्या दोन्ही प्रती, २बी१ आणि २बी२, एकाच वेळी बिघडवल्यावर रक्तातले २बी आणि आयजीएफ-१ दोन्ही घटले आणि ८ ते १० महिन्यांचे मासे वजनाला आणि लांबीला कमी भरले. मात्र १० ते १२ महिन्यांच्या काळात ही पिछाडी कमी झाली. शरीराने दुसरीकडून भरपाई केली असावी. एकच प्रत पाडून ‘परिणाम नाही’ असे लिहिणाऱ्यांनी, किंवा एकाच वयाला मोजून थांबणाऱ्यांनी, हा प्रयोग नीट पाहावा.

कालखंडाची चूक याहून साधी असते. चाचणी ६० किंवा ९० दिवसांची, रक्त शेवटच्या दिवशी, आणि सहसंबंध पूर्ण ९० दिवसांच्या वाढीशी. १बी काही तास-दिवसांचे सांगते, आयजीएफ-१ फार तर गेल्या एक-दोन आठवड्यांचे. म्हणून माशांना पिट टॅग (प्रत्येक मासा ओळखता येईल अशी शरीरात बसवायची चिप) लावा, रक्ताच्या १४ दिवस आधी एकदा वजन-लांबी घ्या आणि त्या १४ दिवसांचा दर काढा. ४० ग्रॅमचा मासा ५० ग्रॅमचा झाला असेल तर विशिष्ट वाढदर दिवसाला १.५९ टक्के. लहान माशाचा दर मुळातच जास्त असतो, म्हणून सुरुवातीचे वजन विश्लेषणात धरा. पाण्याचे तापमान नुकतेच बदललेले असेल, मासे पक्व होत असतील किंवा गोड्या पाण्यातून खाऱ्यात जात असतील, तर आयजीएफ आणि वाढ यांचा मेळ सुटतो. असे मासे सहसंबंधात मिसळू नयेत. उपासात वाढ-संप्रेरक चढते आणि आयजीएफ-१ मात्र उतरते, यात विरोधाभास नाही. यकृत त्या संप्रेरकाला दाद देत नाही, एवढेच.

रक्तात काही दिसले नाही म्हणून काही घडले नाही, असेही समजू नये. झेब्राफिशमध्ये ५ए हे त्वचेतल्या कॅल्शियम शोषणाऱ्या पेशींत तिथल्या तिथे काम करते. ते नसेल तर हाडांत कॅल्शियम कमी बसते. असले स्थानिक काम प्लाझ्मात शोधून सापडणार नाही. ऊतीतच पाहावे लागते.

राहिला संख्येचा प्रश्न. खाद्य टाकीला दिलेले असते, माशाला नाही. तीन टाक्या, प्रत्येकी दहा मासे, म्हणजे ‘एन’ (नमुनासंख्या) तीन, तीस नव्हे. माशांचे आकडे वापरायचेच असतील तर टाकीला यादृच्छिक घटक धरून मिश्र प्रतिमान चालवा. टाक्या दोनच असतील तर बंधक प्रथिनांवर खर्च करण्याआधी तिसरी-चौथी टाकी उभी करा.